मामंजींसमोरची शिट्टी

आमच्या गावच्या धबधब्यावर पावसाळ्यात माझी ड्युटी असते. ड्युटी म्हणजे लोखंडी कठड्याच्या अलीकडे उभं राहायचं आणि पलीकडे कुणाला जाऊ द्यायचं नाही. ऐकायला शेळ्या राखण्याइतकं सोपं वाटतं. पण शेळीला एकदा काठी दाखवली की ती फिरते. ‘ताई, एकच फोटो’ असं शेळी म्हणत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. बोलते त्याहून कमी. चारचौघांत माझा आवाज घशातून वर येतच नाही. दुकानात साखर मागायची तरी दोनदा सांगावं लागतं. कागदावर तसं होत नाही. कागद ‘काय म्हणालीस?’ असं विचारत नाही. म्हणून दिवाळीनंतर धबधबा करंगळीएवढा झाला आणि ड्युटी संपली, की दुपारी भांडी घासून झाल्यावर मी थोडं थोडं लिहिते. हे कुणाला दाखवायचं नाही.

आधी जागा सांगते. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरावर आमचं गाव. वरच्या पठारावरून ओढा येतो, गावाखालच्या रुंद कातळावर पसरतो आणि मग एकदम कडा. वाकून खाली बघितलं तरी तळ दिसत नाही. कठडा ओढ्याच्या काठाने आहे. कठड्यापलीकडे थोडं पाण्यातून गेलं की ओढ्याच्या मधोमध एक सपाट दगड लागतो. त्याला आम्ही म्हसधोंडा म्हणतो, कारण पूर्वी तिथे म्हशी बसायच्या. आता त्याच्यावर उभं राहून फोटो काढला की मागे नुसतं धुकं आणि दरी येते, म्हणून सगळं जग म्हसधोंड्यावर जायला बघतं.

कातळावर शेवाळ आहे, हे लोकांना दिसतं. धोका दुसऱ्याच गोष्टीचा असतो. इथे छान ऊन पडलेलं असतं आणि वर पठारावर पाऊस कोसळत असतो. आधी पाणी गढूळ होतं. मग त्यातून पानं आणि काटक्या यायला लागतात. आणि मग एक बिडी ओढून होईपर्यंत म्हसधोंडा पाण्याखाली गेलेला असतो.

तिथे मोठी पाटी आहे, ‘धोका, पुढे जाऊ नये.’ पाटीचा लोकांना फार उपयोग होतो. तिच्यावर ओले शर्ट वाळत घालतात. कठड्यावर चढताना आधाराला तिलाच धरतात. लोणंदच्या एका पोराने तर ती पाटी धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली आणि कठड्यावरून टांग टाकली. मी जवळ जाऊन पुटपुटले, “दादा, वाचलंत ना?”

“वाचलं की ताई. मला वाचता येतंय.”

मी कामाला लागायच्या आदल्या पावसाळ्यात म्हसधोंड्यावरून एक पोरगा खाली गेला. कड्याच्या खबदाडीत एक झुडूप होतं, त्यात अडकला. गावातल्या गड्यांनी दोर सोडून त्याला वर घेतलं. वाचला, पण पाय मोडला. त्याची आई आली तेव्हा ती रडली नाही की कुणाशी भांडली नाही. मी तिच्या हातात पाण्याचा तांब्या देत होते. तिने पाटीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, “पाटी हाय. पण कुणी हाक बी मारली न्हाई व्हय?”

तांब्या परत घेताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

आमच्याकडे धबधब्याची देखभाल गावातली समिती बघते. आधी राखणीला गडी होते. ते लोकांवर खेकसायचे, लोक त्यांच्यावर, आणि शनिवार-रविवारी कुणाची ना कुणाची कॉलर धरली जायची. समितीचे अध्यक्ष बापूराव सभेत म्हणाले, “औंदा बाई ठेवू. बाईच्या अंगावर कोण येत न्हाई. कोण तयार हाय?” माझा हात वर गेला. वर गेल्यावर मलाच नवल वाटलं, पण खाली घ्यायचीही लाज वाटली.

मला नारिंगी जाकीट दिलं आणि दोरीत ओवलेली शिट्टी दिली. बापूराव म्हणाले, “बोलायचं कामच न्हाई. पाण्याच्या आवाजात कुणाला काय ऐकू जात न्हाई. कठड्यावर पाय दिसला की शिट्टी. बास.”

मला फार आनंद झाला. न बोलता करायची नोकरी! हे माझ्यासाठीच काढलेलं काम आहे असं वाटलं. साडीवर जाकीट घालून पहिल्या दिवशी कठड्यापाशी जाऊन उभी राहिले आणि मान वळवली, तर समोर मामंजी.

मामंजी म्हणजे माझे सासरे. फौजेत सुभेदार होते. पेन्शनीत आल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांनी कठड्याजवळच चहाची टपरी टाकली. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. रोज दूध मीच पोचवत होते. पण हात वर करताना ते डोक्यात आलंच नाही.

आमच्या घरची रीत सांगते, नाहीतर यात एवढं काय, असं वाटेल. सून सासऱ्यासमोर मोठ्याने बोलत नाही आणि सासरा सुनेशी सरळ बोलत नाही. मध्ये तिसरं माणूस लागतं. घरी आत्याबाई असतात, म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी त्यांना सांगतात, “तिला म्हणावं, भाकरी बास.” मी शेजारीच परात घेऊन बसलेली असते. टपरीवर मात्र तिसरं कुणी नाही. तिथे मामंजी किटलीशी बोलायचे. जुनी, पोचे आलेली ॲल्युमिनियमची किटली होती.

“किटले, दूध घेऊन आल्यात त्यांना सांग, चहा निवतोय.”

मी जाऊन चहा घ्यायचे. साखर कमी असली तर मीही किटलीकडे बघूनच म्हणायचे, “थोडी साखर चालंल.” असा आमचा कारभार वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता. आता अशा माणसासमोर शिट्टी कशी वाजवायची? शिट्टी वाजवणारी बाई आमच्या गावाने पाहिलेली नाही. घरी आत्याबाई आधीच कपाळाला हात लावून बसल्या होत्या. “बाईमाणसानं शिट्टी? आन् ती बी मामंजींच्या म्होरं? तुझं तोंड तरी कसं हुईल गं?”

तोंड होत नव्हतंच. पहिले काही दिवस मी शिट्टी नुसती ओठांत धरून उभी राहायचे. कुणी कठड्यावर पाय टाकला की पळत त्याच्याशेजारी जायचे आणि हळू आवाजात सांगायचे. कधी लोक ऐकायचे, कधी ऐकूच यायचं नाही.

तासगावचे एक द्राक्षबागायतदार सगळं कुटुंब घेऊन आले होते. ते म्हसधोंड्याकडे निघाले, मी आडवी उभी राहिले. त्यांनी पिशवीतून मूठभर बेदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. “घ्या ताई, आपल्याच शेडमधलं हायत. पाचच मिन्टं जाऊन येतो.” मी मान हलवली. त्यांनी आणखी एक मूठ ठेवली. माझी ओंजळ भरली. आता शिट्टी धरायलाही हात मोकळा नाही! त्यांची म्हातारी आई मागून म्हणाली, “अरं, बाई नगं म्हनतीया, भाव न्हाई वाढवत.” तेव्हा कुठे ते हसून मागे फिरले. बेदाणे मात्र चांगले होते.

सांगलीचं एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं. नवरीचा झगा एवढा लांब, की ती पुढे आणि झगा अजून गाडीत. असल्या मंडळींत खरा धोका नवरा-नवरीकडून नसतो, फोटोवाल्याकडून असतो. तो स्वतः कठड्याच्या आत कोरड्या जागी उभा राहून सांगतो, “थोडं मागं... अजून थोडं मागं...” त्याला फक्त काचेतलं दिसतं. मी त्याच्या शर्टाची बाही ओढली, तर त्याला वाटलं मला फोटो हवाय. म्हणाला, “मावशी, तुमचा शेवटी काढतो.” तेवढ्यात नवरीनेच मागे वळून दरी बघितली आणि नवऱ्यावर ओरडली, “लग्न व्हायच्या आधीच ढकलताय व्हय मला?” झगा गोळा करून ती अशी आत आली, की नवरा बराच वेळ समजूत काढत होता. मला वाटलं, हिलाच कठड्यावर कामाला ठेवली पाहिजे.

पण प्रत्येक वेळी नवरी कुठून आणायची? म्हणून मी एक युक्ती काढली. टपरीच्या मागच्या अंगाला पत्र्याची शौचालयं आहेत. तिथून मामंजी दिसत नाहीत. मी तिथे आडोशाला जाऊन, पदरात तोंड घालून शिट्टी वाजवायला लागले. लोक शिट्टी ऐकून थांबायचे, पण बघायचे शौचालयाकडे. कुणीतरी आत अडकलंय असं समजून एका भल्या माणसाने सगळी दारं ठोठावून बघितली.

त्यात एक दिवस पक्षी बघणारे गृहस्थ आले. गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. आमच्या ओढ्यावर माणसासारखी शीळ घालणारा एक निळा-काळा पक्षी असतो, तो त्यांना हवा होता. मी आडोशातून बघितलं, तर ते कठड्याला टेकलेले. मी पदरातून हळूच शिट्टी वाजवली. ते एकदम ताठ झाले. कान टवकारले. पत्र्यावर आपटून आवाज पलीकडून येत असेल की काय, त्यांनी कठडा ओलांडला. मी घाबरून आणखी वाजवली. ते आणखी पुढे गेले. मी वाजवतेय आणि ते जातायत, मी जोराने वाजवतेय आणि ते चवड्यांवर, आवाज न करता, तोंडभर हसत कड्याकडे जातायत! शेवटी मी आडोशातून धावत गेले, कठड्यातून हात घालून त्यांच्या पिशवीचा पट्टा धरला. त्यांनी वळून बघितलं. माझ्या तोंडात अजून शिट्टी होती.

“तुम्ही होतात?” ते म्हणाले. एवढा हिरमुसलेला माणूस मी बघितला नाही. हातात आलेला पक्षी उडाला असता तरी त्यांना इतकं वाईट वाटलं नसतं.

नेमके बापूराव तिथेच होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, पण बोलले ते लागलं. “वैनी, शिट्टी माणसांना मागं आणायला दिलीया, म्होरं न्यायला न्हाई. मामंजींची लाज वाटत असंल तर तसं सांगा, दुसरी बाई बघतो. उद्या कुणी गेलं खाली, तर काय सांगायचं? शिट्टी होती, पण सासरा समोर होता?”

मला ती तांब्या घेतलेली बाई आठवली. घरी जाऊन भाकऱ्या थापताना ठरवलं, उद्यापासून कठड्यापाशीच उभं राहून वाजवायची. दुसऱ्या दिवशी उभी राहिले. मामंजींचा खोकला ऐकला आणि शिट्टी ओठांतून आपोआप खाली आली. असे बरेच दिवस गेले. नवी बाई कोण येणार, याची गावात कुजबुज सुरू झाली होती.

मग तो रविवार आला. मामंजींच्या पलटणीतले एक जुने दोस्त, म्हादबा हवालदार, मिरजेकडून भेटायला आले. दोघं इतक्या वर्षांनी भेटले होते, की टपरीवर गिऱ्हाईक उभं राहिलं तरी मामंजींना दिसेना. बर्फातल्या गोष्टी निघाल्या, कुठल्या कुठल्या साहेबांच्या नकला झाल्या. आणि मग मामंजी उठले. डाव्या हातात भरलेली किटली, उजव्या हातात दोन गिलास.

“चल म्हादबा. म्हसधोंड्यावर बसून चहा पिऊ. तिथनं दरी बघ, काश्मीर इसरशील.”

टपरीमागे कठडा जिथे संपतो तिथून ते पाण्यात उतरले. मी टोकाशी गेले आणि पदर सावरून म्हटलं, “मामा...”

मामंजी थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. किटलीला म्हणाले, “किटले, त्यांना सांग, पाटी पाव्हण्यांसाठी हाय. माझ्या बापानं या धोंड्यावर म्हशी धुतल्यात.”

आणि दोघे निघाले. धोतर सावरून एक, पँट दुमडून एक.

कठड्यावरच्या गर्दीने हे सगळं बघितलं. माझ्यासमोर शिरवळच्या कुठल्याशा कंपनीची पोरं होती, सगळ्यांचे शर्ट एकसारखे निळे. त्यांतला एक म्हणाला, “आजोबा गेले की. मग आम्हालाच का अडवताय?” एकाने पाय टाकला, मग दुसऱ्याने.

तेवढ्यात मी पाण्याकडे बघितलं. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. पाणी मात्र तांबूस झालं होतं. बघता बघता एक पान आलं, मग काटकी, मग पानांचा पुंजकाच.

म्हसधोंड्यावर मामंजी उभ्यानेच गिलासात चहा ओतत होते. दोघांची तोंडं दरीकडे. मी हाक मारली, “मामा!” ती माझी मलाही ऐकू आली नाही.

मी शिट्टी कधी ओठांत घेतली ते आठवत नाही. वाजली एवढं आठवतं. पदर नाही, आडोसा नाही. शिरवळच्या पोरांचे पाय हवेत होते तिथेच राहिले. आणि म्हसधोंड्यावर मामंजी आणि म्हादबा हवालदार, दोघेही ताडकन सावधान झाले. छाती पुढे, नजर समोर. मामंजींची किटली मांडीला चिकटलेली, हवालदारांचा गिलास मांडीला चिकटलेला. इतक्या वर्षांची सवय. शिट्टी झाली की थांबायचं आणि पुढच्या हुकमाची वाट बघायची.

दोघे वाट बघत उभे राहिले. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं. आता हुकूम कुणी द्यायचा?

मामंजी झेंड्याच्या दिवशी शाळेतल्या पोरांकडून कवायत करून घेतात. आमच्या अंगणातही मुलांना शिकवायचे. भांडी घासता घासता मी ते ऐकलेलं होतं. तेच तोंडातून बाहेर पडलं, आणि असं पडलं की टपरीचा पत्रा थरथरला म्हणतात.

“पीछे मुड!”

दोघे फिरले. शिरवळची निम्मी पोरंही फिरली. मामंजींनी तर सवयीने पायही आपटला, तो शेवाळावर, आणि तोल सावरताना हातातली किटली सुटली. ती गोल गोल फिरत कड्याकडे निघाली. मामंजी तिच्यामागे वाकले.

“मामा, ऱ्हाऊ द्या ती! म्होरं चला! चला म्हनते न्हवं!”

मामंजींनी वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमची नजरानजर झाली असावी. मग ते हवालदारांचा हात धरून निघाले. निळ्या शर्टाच्या पोरांनी कठड्याला धरून साखळी केली आणि दोघांना वर ओढलं. त्यांनी धाप टाकून मागे बघितलं, तेव्हा म्हसधोंडा नव्हता. नुसतं तांबडं पाणी होतं. किटली कड्यावरून गेली ती गेलीच. ती आजवर कुणाला सापडलेली नाही.

म्हादबा हवालदारांनी हातातला गिलास बघितला. त्यात अजून चहा होता, तो त्यांनी पिऊन टाकला.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बातमी माझ्या आधी पोचलेली होती. आत्याबाई चुलीसमोरून उठल्याच नाहीत. “मामंजींवर हुकूम सोडलास म्हनं. त्यो बी हिंदीत.” मामंजी जेवायला बसले. “तिला म्हणावं, भाकरी बास” एवढंही बोलले नाहीत. ताटावर हात आडवा धरला आणि उठले. मला वाटलं, काम गेलं आणि घरातली जागाही गेली. जाकीट धुऊन वाळत घातलं, बापूरावांना परत द्यायला.

सकाळी ते अर्धवट ओलं जाकीट घेऊन मी धबधब्यावर गेले. मामंजी टपरीवर होते. शेगडी पेटलेली होती, तिच्यावर घरातून आणलेलं पातेलं होतं. मी खालमानेने कठड्याकडे निघाले. मामंजींनी पातेल्याकडे बघितलं. पातेल्याशी बोलावं असं त्यांना वाटलं असणार, कारण तोंड उघडून ते थांबले. पण पातेल्याची त्यांची ओळख नव्हती. मग इकडेतिकडे बघितलं. कुत्रंसुद्धा नव्हतं.

“सूनबाई,” ते म्हणाले.

मी जिथल्या तिथे उभी राहिले.

“काल शिट्टी लय बारीक वाजली. गळ्यातनं वाजवलीस. पोटातनं वाजवायची.” मग पातेलं ढवळत म्हणाले, “आन् हुकूम एका दमात सोडायचा नसतो. ‘पीछे’ म्हणायचं, जरा थांबायचं, मग ‘मुड’. म्होरच्याला तयार व्हायला येळ द्यावा लागतो. न्हाईतर किटली जाते.”

“व्हय मामा,” मी म्हटलं. मग मी जाकीट अंगात घातलं.

थोड्या वेळाने बापूराव आले. पातेल्यातला चहा प्याले, माझ्या अंगावरच्या ओल्या जाकिटाकडे बघितलं आणि दुसऱ्या बाईचं नावही न काढता निघून गेले. त्या पावसाळ्यात कुणी खाली गेलं नाही. कठड्यावर चढायचं लोकांनी सोडलंय असं मात्र नाही. पाटीवर अजून शर्ट वाळतात. मी अजून कुणाशी फार बोलत नाही. पदरही डोक्यावर असतो. यंदाच्या पावसाळ्यात एका गाडीवाल्या साहेबांनी मला विचारलं, “तू कोण मला सांगणार?” मी शिट्टी ओठांकडे नेली, तर टपरीतून आवाज आला, “मी सुभेदार हाय. ती माझ्यावरची हाय. व्हा मागं.” मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

आमचे हे शिरवळला कंपनीत असतात. सुट्टीला येताना त्यांनी नवी स्टीलची किटली आणली. मामंजींनी ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, तेव्हा माझ्या मनात धाकधूक झाली. आता पुन्हा सगळं किटलीमार्फत होणार. मामंजींनी तिच्यात चहा ओतला, झाकण घट्ट लावलं आणि ती शेगडीवर ठेवली.

“सूनबाई,” ते म्हणाले, “त्या टोकाला बघ. लाल टोपीवाल्यानं पाय टाकलाय. वाजव.”

मी वाजवली. पोटातनं.